केशकर्तनालयाशेजारचे किराणा दुकान

(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे)

प्रश्न : मी सेवानिवृत्त शिक्षिका असून गेले चार महिने अमेरिकेत मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स या गावी मुलीकडे राहते आहे. दर शनिवारी आम्ही ‘मायर’ नावाच्या दुकानात जातो. कोथिंबिरीपासून मुलांच्या बुटांपर्यंत आणि औषधांपासून सायकलींपर्यंत सारे काही तेथे एका छपराखाली मिळते. जावई म्हणतात, की हा सारा व्याप एका न्हाव्याने सुरू केला. ते माझी चेष्टा करीत आहेत की हे खरे आहे? खरे असल्यास हा व्याप वाढला कसा?
– एक वाचक भगिनी, पुणे

उत्तर : जावई चेष्टा करीत नाहीत. हेंड्रिक मायर यांचा जन्म १८८३ साली नेदरलँड्समधील हेंगेलो या कापडगिरण्यांच्या गावी झाला. तरुणपणी कारखान्यात राबलेला, समाजवादी आणि अराज्यवादी विचारांनी भारलेला हा मुलगा १९०७ साली अमेरिकेत आला आणि ज्या भागात आधीच पुष्कळ डच कुटुंबे स्थायिक झाली होती त्या पश्चिम मिशिगनमध्ये पोहोचला. पुढे ग्रीनव्हिल या लहानशा गावात त्याने केशकर्तनालय थाटले. भांडवलशाहीवर विश्वास नसलेल्या माणसाच्या हातून अमेरिकेतील मोठ्या खासगी व्यापारी घराण्यांपैकी एकाचा पाया घातला जावा, हा योगायोग गमतीचा आहे. मात्र त्यावरून काही सिद्ध करण्याचा माझा इरादा नाही.

१९२९नंतरच्या महामंदीत केशकर्तनालयांचा धंदा बसला, कारण हातात पैसा नसला की माणूस दाढी घरी करतो आणि केस कापणे महिनाभर पुढे ढकलतो. हेंड्रिक यांनी आपल्या दुकानाला लागूनच भाड्याने देण्यासाठी गाळा बांधून ठेवला होता, पण अशा काळात टिकणारा भाडेकरू मिळेना. तेव्हा पन्नाशीच्या या गृहस्थाने १९३४ साली त्या रिकाम्या जागेत स्वतःच किराणा दुकान उघडले. पहिला माल ३३८ डॉलर आणि ७६ सेंटांचा होता आणि तोही उधारीवर आणलेला होता. एवढा मोठा व्यवसाय झाल्यावर आरंभीचा आकडा बहुतेक ठिकाणी ‘सुमारे साडेतीनशे’ असा गोल होऊन जातो. येथे तो ७६ सेंटांसकट सांगितला जातो, यावरून त्या घरातील हिशेबाची वही कशी असेल याची कल्पना यावी. पत्नी गेझिना, मुलगी योहाना आणि चौदा वर्षांचा मुलगा फ्रेड हेच या दुकानाचे नोकर होते.

त्या काळी अमेरिकेतील किराणा दुकान आपल्या वाण्याच्या दुकानाहून फारसे वेगळे नसे. गिऱ्हाइकाने फळीपलीकडून यादी वाचायची, दुकानदाराने मागच्या मांडणीवरून एकेक जिन्नस काढून, वजन करून, बांधून द्यायचा आणि रक्कम खात्यावर मांडायची, ही सर्वत्र रीत होती. गिऱ्हाइकाने स्वतः मांडणीपर्यंत जाऊन माल उचलावा ही कल्पना क्लॅरेन्स साँडर्स यांनी १९१६ साली मेम्फिस येथील ‘पिगली विगली’ या दुकानात रुजवली होती आणि १९३० साली न्यूयॉर्कमध्ये मायकेल कलन यांनी ‘किंग कलन’ हे मोठे, स्वस्त आणि रोखीचे दुकान काढून तिला आजच्या सुपरमार्केटचे रूप दिले होते. मायर कुटुंबाने काही नवा शोध लावला नाही. इतरत्र चाललेली गोष्ट त्यांनी वेळेवर उचलली आणि दारात टोपल्या ठेवून गिऱ्हाइकांना आत सोडले. मंदीत सापडलेल्या गावाला ते मानवले, कारण नोकरांचा वाचलेला पगार भावातून परत मिळत होता.

१९४२ साली जवळच्या सीडर स्प्रिंग्ज या गावी दुसरे दुकान निघाले आणि १९४९ साली त्यांनी ग्रँड रॅपिड्स शहरात पाय ठेवला. म्हणजे पहिल्या दुकानातून दुसऱ्यापर्यंत पोहोचायला आठ वर्षे आणि गावातून शहरात यायला पंधरा वर्षे लागली. ही संथ चाल आपण लक्षात ठेवावी, कारण पुढच्या उत्तरांत ती पुन्हा येणार आहे.

खरे वळण १९६२ साली आले. ग्रँड रॅपिड्समध्ये अठ्ठाविसावा रस्ता आणि कॅलमझू मार्ग यांच्या चौकात पितापुत्रांनी ‘थ्रिफ्टी एकर्स’ या नावाचे अवाढव्य दुकान उघडले. काटकसर आणि एकर असे दोन्ही शब्द एकाच पाटीवर घालणारा माणूस डचच असणार, असे कोणी म्हटल्यास मी वाद घालणार नाही. एका बाजूला पूर्ण सुपरमार्केट, दुसऱ्या बाजूला कपडे, भांडी, खेळणी, हत्यारे असे पूर्ण डिपार्टमेंट स्टोअर, आणि मध्ये भिंत नाही, अशी ती रचना होती. ती चालेल याची मालकांनाच खात्री नव्हती, म्हणून इमारतीची जमीन मुद्दाम सहा इंच जाड काँक्रीटची घालण्यात आली. दुकान बुडालेच तर माल बाहेर काढायचा आणि तीच जागा मोटारींच्या बंदिस्त विक्रीदालनासाठी वापरायची, असा त्यामागचा हिशेब होता. साध्या फरशीला मोटारींचे वजन पेलले नसते. आपण ज्या ‘मायर’मध्ये दर शनिवारी जाता त्या प्रकारच्या दुकानांची परंपरा या जाड जमिनीपासून सुरू होते.

त्याच वर्षी अमेरिकेत आणखी तीन दुकाने उघडली, ही नोंद करण्याजोगी गोष्ट आहे. मिशिगनमध्येच गार्डन सिटी येथे पहिले ‘केमार्ट’, मिनेसोटात रोजव्हिल येथे पहिले ‘टार्गेट’ आणि आर्कान्सात रॉजर्स येथे पहिले ‘वॉलमार्ट’ सुरू झाले. या तिघांचा भर कपडे आणि घरगुती वस्तू सवलतीत विकण्यावर होता. भाजी, मांस आणि दूध यांच्यासह पूर्ण किराणा एकाच छपराखाली घेण्याचे पाऊल ‘वॉलमार्ट’ने १९८७-८८च्या सुमारास टाकले. फ्रान्समध्ये ‘कारफूर’ने असेच मोठे दुकान १९६३ साली, म्हणजे ‘थ्रिफ्टी एकर्स’नंतर एक वर्षाने काढले.

प्रश्न : माझे ठाण्यात वडिलोपार्जित किराणा दुकान आहे. साखर-तांदळात सुटतात ते चार पैसे आम्हाला ठाऊक आहेत. किराणावाल्याने सायकली आणि स्वेटर विकायला ठेवले तर पैसा अडकून पडतो, असा माझा अनुभव आहे. मग या मंडळींना ते कसे परवडते?
– एक दुकानदार, ठाणे

उत्तर : आपला अनुभव खरा आहे आणि मायर कुटुंबालाही हीच धास्ती होती, त्याशिवाय कोणी सहा इंचांची जमीन घालत नाही. अमेरिकेतील किराणा धंद्यात शंभर डॉलरच्या विक्रीमागे सर्व खर्च वजा जाता एक ते तीन डॉलर उरतात. त्यातही भाजी, फळे, दूध आणि मांस यांची नासाडी दुकानदाराच्याच अंगावर येते. उलट कपडे किंवा खेळणी यांत एका नगामागे सुटणारा पैसा कितीतरी अधिक असतो, मात्र तो माल आठवड्याला खपत नाही. स्वेटरसाठी माणूस वर्षातून एकदा दुकानात येतो, दुधासाठी आठवड्यातून दोनदा येतो.

या दोन धंद्यांची गाठ मारली की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. दूध आणि केळी यांचे काम गिऱ्हाइकाला दारापर्यंत आणण्याचे असते, म्हणून त्यांचे भाव मुद्दाम उतरते ठेवले जातात. त्या भावांत सोडलेला पैसा मांडणीवरच्या इतर मालातून वसूल होतो. त्याखेरीज जागा, वीज, गाड्या उभ्या करण्याचे मैदान, गल्ल्यावरची माणसे आणि जाहिरात हा सारा खर्च दोन दुकानांऐवजी एकाच दुकानावर पडतो.

पुस्तकी वाटेल म्हणून प्रत्यक्ष पाहिलेले सांगतो. २०१९च्या जानेवारीत मी भाच्याकडे मिशिगनमध्ये होतो आणि त्या काळी ‘मायर’ची दुकाने नाताळचा दिवस सोडून वर्षभर चोवीस तास उघडी असत. घरात तापाचे औषध संपले म्हणून रात्री दोनच्या सुमारास आम्ही गेलो. बाहेर गुडघाभर बर्फ होते. गल्ल्यावर आमच्या पुढे बर्फ उपसणाऱ्या गाडीचा चालक उभा होता आणि त्याच्या ढकलगाडीत दुधाचा एक गॅलनचा कॅन, केळ्यांचा घड, लोकरी अस्तराचे हातमोजे आणि मोटारीच्या काचेचे दोन वायपर होते. आला होता तो बहुधा दुधासाठी किंवा वायपरसाठी, दोहोंपैकी एकासाठी; बाकीचे वाटेत हाताला लागले. दुधात दुकानाला काय सुटले असेल ते आपण माझ्याहून चांगले सांगाल, पण हातमोज्यांनी त्या रात्रीचे वीजबिल नक्कीच हलके केले असणार. (करोनाच्या साथीनंतर ही दुकाने मध्यरात्री बंद होऊन सकाळी सहाला उघडू लागली, त्यामुळे हे दृश्य आता दिसणार नाही.)

पैसा अडकण्याविषयी आपण म्हणता तो धोका मोठ्या दुकानालाही टळत नाही. सायकली उन्हाळ्याआधी आणि स्वेटर हिवाळ्याआधी मागवावे लागतात आणि हंगाम संपताच उरलेला माल पडेल भावाने काढावा लागतो. मायरचा फायदा एवढाच, की किराण्याचा रोख गल्ला रोज फिरत असल्यामुळे हंगामी मालात गुंतलेल्या पैशाची कळ सोसता येते. आपल्याकडेही ही कल्पना अनोळखी नाही. १९४८ साली नायगावच्या गिरणी कामगारांनी सुरू केलेल्या ‘अपना बाजार’ने पुढे धान्याबरोबर कापडचोपड आणि घरगुती वस्तू विकल्याच, फरक एवढा, की तेथे मालक सभासद ग्राहक होते आणि येथे एक कुटुंब आहे. आपल्या ठाण्यातल्या दोनशे चौरस फुटांत हे गणित बसत नाही हे मात्र मान्य केले पाहिजे. त्याला जागा लागते, आणि तीही शहराच्या कडेला स्वस्तात मिळालेली व दारात शेकडो मोटारी उभ्या राहतील अशी लागते.

प्रश्न : माझा मुलगा ओरेगॉन राज्यात पोर्टलंडला असतो. तेथेही ‘फ्रेड मायर’ नावाचे असेच दुकान आहे. ते आता ‘क्रोगर’ कंपनीच्या मालकीचे आहे, असे तो सांगतो. मग मिशिगनचे मायर कुटुंब मालक राहिले कोठे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : हा घोळ खुद्द अमेरिकेतही होतो आणि त्याला नावच कारणीभूत आहे. पोर्टलंडचे फ्रेड मायर आणि ग्रँड रॅपिड्सचे फ्रेड मायर ही दोन निरनिराळी माणसे; त्यांच्या आडनावांचे इंग्रजी स्पेलिंगही वेगळे आहे. मिशिगनच्या मायरांचे आडनाव डच वळणाचे असून त्यात ‘आय’ आणि ‘जे’ ही अक्षरे लागोपाठ येतात. म्हणूनच नवखा माणूस ते ‘मैजर’ किंवा ‘मेजर’ असे वाचतो.

पोर्टलंडच्या मायर यांनी १९२२ साली धंदा सुरू केला आणि १९३१ सालीच किराणा, औषधे आणि इतर वस्तू एका ठिकाणी विकणारे दुकान काढले. त्यामुळे एका छपराची कल्पना सर्वांआधी मिशिगनमध्येच सुचली, असा जो दावा अधूनमधून केला जातो तो मी मान्य करणार नाही. आजच्या आकाराचे, भिंतीविना जोडलेले दुकान १९६२ साली ग्रँड रॅपिड्समध्ये उभे राहिले, एवढेच म्हणणे रास्त होईल.

पोर्टलंडचे मायर १९७८ साली निवर्तले. १९८१ साली एका गुंतवणूकदार कंपनीने कर्ज काढून तो विकत घेतला आणि पुढे १९९९मध्ये तो ‘क्रोगर’मध्ये विलीन झाला. पाटीवर नाव राहिले, घराणे गेले. मिशिगनमध्ये दोन्ही टिकून आहेत.

प्रश्न : मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे. एवढी मोठी कंपनी असून ती शेअर बाजारात का नाही? आणि तिसऱ्या पिढीत भाऊबंदकी होऊन वाटण्या कशा झाल्या नाहीत?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : बाजारात न उतरण्याचे कारण कुटुंबाच्या चालीत सापडते. शेअर विकले की भांडवल चटकन मिळते, पण मग दर तीन महिन्यांनी वाढीचे आकडे दाखवावे लागतात. ‘वॉलमार्ट’ने १९७० साली शेअर विकले आणि त्या पैशावर तो साऱ्या देशात पसरला. मायर कुटुंबाने कमाई आणि कर्ज यांवरच नवी दुकाने काढली, म्हणून त्यांची वाढ राज्याला लागून राज्य अशी झाली. मिशिगननंतर ओहायो, १९९४मध्ये इंडियाना, मग केंटकी, १९९९मध्ये इलिनॉय आणि २०१५मध्ये विस्कॉन्सिन, अशी ती यादी आहे. पहिल्या दुकानाला नव्वद वर्षे झाल्यावरही दोनशेहून अधिक मोठी दुकाने या सहाच राज्यांत आहेत. माल गोदामातून दुकानापर्यंत थोड्या वेळात पोहोचावा आणि ताजी भाजी ताजीच राहावी, यासाठी ही मर्यादा उपयोगी पडते.

सावधपणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नवे प्रयोग त्यांनीही केले आणि काही साफ फसले. १९९२च्या सुमारास वार्षिक वर्गणी घेऊन घाऊक माल विकणारी ‘सोर्सक्लब’ नावाची दुकाने त्यांनी काढली, ती दोन वर्षांच्या आत बंद करावी लागली. ज्या ‘केमार्ट’ने त्याच मिशिगनमधून देशभर झेप घेतली, ती कंपनी २००२ साली दिवाळखोरीत गेली, हेही त्याच पानावर लिहायला हवे. फसलेला प्रयोग लवकर गुंडाळता येणे ही खासगी मालकीची सोय आहे. बाजारातील कंपनीला असा निर्णय घेताना हजारो भागधारकांना तोंड द्यावे लागते.

खासगी मालकी म्हणजे सचोटीची हमी नव्हे. मिशिगनमधील अ‍ॅक्मे या लहानशा गावी दुकानाला परवानगी मिळेना, तेव्हा तेथील लोकनियुक्त मंडळाला पदावरून हटवण्याच्या मोहिमेला कंपनीने गुपचूप पैसा पुरवल्याचे उघड झाले आणि २००८ साली तिला सुमारे १,९०,००० डॉलर दंड भरावा लागला. कोट्यवधींच्या उलाढालीत ही रक्कम किरकोळ होती. गेली ती अब्रू. लाडक्या गावकऱ्याची प्रतिमा जपणाऱ्या घराण्याला तो डाग लागायला नको होता, असे माझे मत आहे.

आता भाऊबंदकी. हेंड्रिक १९६४ साली वारले, तेव्हा फ्रेड हे चौदाव्या वर्षापासून दुकानात वावरलेले, चव्वेचाळीस वर्षांचे अनुभवी भागीदार होते. वारस एकाएकी गादीवर बसला नाही, तो तीस वर्षे गल्ल्यामागे उभा होता. फ्रेड यांची पत्नी लीना हीदेखील मूळची दुकानातच कामाला असलेली मुलगी. त्यांना हँक, डग आणि मार्क हे तीन मुलगे. १९९०च्या सुमारास हँक आणि डग हे दोघे संयुक्त अध्यक्ष झाले. एकाला मालक आणि दुसऱ्याला मदतनीस करण्याचा प्रसंगच येऊ दिला नाही. रोजचा कारभार मात्र घराबाहेरच्या माणसांकडे देण्याची रीत पडली. २०१७पासून मुख्य कार्यकारी अधिकारी असलेले रिक कीझ हे शिक्षणाने औषधतज्ज्ञ असून याच दुकानांच्या औषध विभागातून वर आलेले आहेत. मालकी घरात आणि कारभार लायक माणसाकडे, ही व्यवस्था आपल्याकडील अनेक पेढ्यांना जमलेली नाही. तेथे मुलाला खुर्ची द्यायची की धंदा वाचवायचा, असा पेच पडला की बहुतेक वेळा खुर्ची जिंकते.

फ्रेड नोव्हेंबर २०११मध्ये एक्क्याण्णव वर्षांचे होऊन गेले. दुकानात फिरताना ते भेटेल त्याच्या हातात फुकट आइस्क्रीमचे कार्ड ठेवीत आणि हा त्यांचा शिरस्ता गावाला पाठ झाला होता. ग्रँड रॅपिड्समध्ये १९९५ साली सुरू झालेले शिल्पोद्यान त्यांच्याच नावाचे आहे. लिओनार्दो दा विंची यांच्या अपुऱ्या राहिलेल्या घोड्यावरून प्रेरणा घेऊन नीना अकामू यांनी घडवलेला चोवीस फुटी ब्राँझचा घोडा तेथे उभा आहे. पहिल्या पत्राच्या लेखिका त्याच गावात आहेत, त्यांनी तो अवश्य पाहावा.

प्रश्न : (पुण्याच्या त्याच वाचक भगिनींचे दुसरे पत्र) दुकानाच्या दाराशी एक यांत्रिक घोडा आहे. माझी नात त्यावर एका सेंटात बसते. एका सेंटात आज येते काय? कंपनीला हे परवडते कसे? शिवाय सेंट बंद झाल्याचेही ऐकते.
– एक वाचक भगिनी, पुणे

उत्तर : त्या घोड्याचे नाव सँडी. एका सेंटात त्याची वीजही भागत नसेल, दुरुस्ती तर दूरच. पण नातीला घोड्यावर बसवायला येणारी आजी रिकाम्या हाताने परत जात नाही, हे कंपनीला पक्के ठाऊक आहे; आपल्या गेल्या शनिवारची पावती काढून पाहावी. सेंटाविषयी म्हणाल, तर अमेरिकेच्या टांकसाळीने चलनासाठी सेंट पाडणे नोव्हेंबर २०२५मध्ये थांबवले, कारण एक सेंट पाडायला एका सेंटाहून कितीतरी अधिक खर्च येत होता. जुनी नाणी मात्र अजून चालतात. मुलीच्या गाडीच्या खणात आणि स्वयंपाकघरातील बरणीत ती सापडतील; पुण्याला परतण्यापूर्वी त्यांतली मूठभर नातीसाठी वेगळी काढून ठेवावीत.